शिट्टीची खाच

सून: मग हे काय आहे, बाबा?

सासरे: कुठं काय? खडू असेल. पोरं टाकतात गल्लीत खडू.

सून: खडूला हिरड्या असतात?

सासरे: हल्ली कशाला काय असेल, सांगता येत नाही.

सून: तोंडावरचा हात काढा बघू.

सासरे: खोकला येतोय.

सून: खोकला येतो तेव्हा माणूस खोकतो. तुम्ही नुसते हात धरून बसलाय. अहो, दुधाची गाडी गेली आणि तुम्ही गल्लीत ओणवे होऊन काहीतरी शोधत होतात. मला वाटलं चष्मा पडला. जाऊन बघते तर रस्त्यावर दाढ! ही जुनी कवळी ना? मधोमध तडा गेलेली? टाकून द्या म्हणाले होते ती?

सासरे: तीच. आता मात्र तिला कवळी म्हणवत नाही.

सून: आणि मी केलेली नवी कुठाय?

सासरे: खिशात. रुमालात बांधून. एक ओरखडा नाही बघ तिच्यावर.

सून: कवळी काय खिशात जपायला करतात? घाला आधी. घातलीत? आता खरं सांगा. टोचते?

सासरे: छे गं.

सून: हिरडी दुखते? सैल होते?

सासरे: लोण्यासारखी बसते. काल आख्खं सफरचंद न कापता खाल्लं. तुझ्या सासूबाई असत्या तर दृष्ट काढली असती. डॉक्टरांनी माप घेतलं, पण काम तुझं. पहिलंच काम आणि असं!

सून: एवढी चांगली आहे, तर ती तडकलेली तोंडात घालून खिडकीत काय करत होतात?

सासरे: हवा खात होतो.

सून: हवा खायला कवळी लागत नाही.

सासरे: तू वकिलीण व्हायला हवी होतीस. दात बनवण्यात उगीच शिरलीस.

सून: बाबा.

सासरे: बरं. शिट्टी मारत होतो.

सून: कुणाला? आत्याबाईंना?

सासरे: मग काय दुधाच्या गाडीला? समोरच्या खिडकीत माझ्या बहिणीशिवाय आणखी कोण राहतं? मारली शिट्टी, अगदी पोटातून. तर शिट्टी राहिली आत आणि कवळी गेली बाहेर. खाली गाडी येतच होती. टाइम कसा बघ!

सून: हसू नका, मला राग आलाय.

सासरे: मी कुठं हसतोय? तूच हसतेयस.

सून: मला हसू येतंय आणि रागही आलाय. आणि मला वाटत होतं, तुमचं आणि आत्याबाईंचं काही बिनसलंय. म्हणून सकाळची शिट्टी बंद.

सासरे: बिनसलंय तर बिनसलंयच की. शिट्टी बंद झाली म्हणून बिनसलं. तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतला. शिट्टीला उत्तर म्हणून चमचा वाजवायची, तोही वाजवत नाही. काल भाजीवाल्याकडे समोरासमोर आलो, तर माझ्याकडे बघून कोबीशी बोलली.

सून: कोबीशी?

सासरे: कोबी हातात घेऊन म्हणाली, "काही माणसं आतून अशीच असतात. नुसती पानं."

सून: पण मग नव्या कवळीनं मारायची शिट्टी. त्यात काय?

सासरे: नको, राहू दे.

सून: मारा बघू. माझ्यासमोर.

सासरे: राहू दे गं.

सून: मारा!

सासरे: फूऽऽऽ… ऐकलंस? सायकलच्या चाकातली हवा जाते, तसं. रोज सकाळी खिडकीत उभं राहून हेच. फूऽऽ. शेवटी लाज वाटली, जायचंच बंद केलं. आज म्हटलं, जुनीला गोंद लावून बघू. गोंदानंही दगा दिला.

सून: नवी आली तेव्हापासून वाजत नाहीय?

सासरे: पहिल्या दिवसापासून.

सून: आणि मी रोज विचारत होते, बाबा कशी आहे, तर तुम्ही झकास म्हणत होतात!

सासरे: खायला झकासच आहे. बोलायला झकास आहे. खोटं काय बोललो? जुन्या कवळीच्या पुढच्या दातांत एक खाच होती. बंदरावर क्रेनखाली उभा राहायचो ना, दोन्ही हातांत दोर, आणि सुतळी दातांत धरलेली. लागेल तशी तोडायची. सुतळीनं वर्षानुवर्षं घासून घासून ती खाच पडली. एक दिवस क्रेनवाल्याला हाक मारायला तोंड उघडलं, तर त्या खाचेतून अशी शिट्टी निघाली की पलीकडच्या जहाजावरचे लोक वाकून बघायला लागले. तेव्हापासून हाक मारायची गरजच पडली नाही. बोटं न लावता शिट्टी मारणारा अख्ख्या बंदरावर मी एकटा. म्हणून तर आक्का मला भोंग्या म्हणते.

सून: आणि नव्या कवळीत ती खाच नाही.

सासरे: नवी कशी नव्यासारखी आहे. गुळगुळीत.

सून: आत्याबाईंना दुपारी सांगायचं ना मग. दुपारी त्या कानात ऐकायचं यंत्र घालतात तेव्हा.

सासरे: काय सांगू? सुनेनं केलेल्या कवळीतून शिट्टी निघत नाही? आक्काला सांगितलं म्हणजे भाजीवाल्याला सांगितलं. संध्याकाळच्या आत तुझ्या लॅबच्या दारात बातमी. तुझ्या मॅडमनी ती कवळी नमुना म्हणून चार जणांना दाखवली, तू पेढे मिळाल्यासारखी नाचत घरी आलीस. त्यावर मी पाणी ओतू?

सून: मग मला एकटीला सांगायचं.

सासरे: रोज ठरवायचो. रोज तू विचारायचीस, "बाबा, कशी आहे?" आणि तुझं तोंड बघितलं की माझ्या तोंडून झकासच निघायचं. एकदा तर कानस काढली होती पेटीतून. म्हटलं, आपणच पाडू खाच.

सून: कानस? बाबा! तडकली असती! आणि धार राहिली असती तर जीभ कापली असती!

सासरे: नाही लावली ना. हातात घेतली, कवळीकडे बघितलं. सुनेच्या हातचं पहिलं काम. त्याला कानस लावायची म्हणजे… परत ठेवून दिली.

सून: इकडे या. इथं, टेबलाशी बसा माझ्या शेजारी. चहा नंतर. मला हा कॉम्प्युटर उघडू दे. मी जुनी कवळी जशीच्या तशी उतरवली होती. खाच होती तर गेली कुठं?

सासरे: हे काय? मधमाश्यांचं पोळं उठलंय की काय?

सून: ही तुमची जुनी कवळी. स्कॅनर तिच्यावर उजेड टाकतो आणि उजेड जिथं जिथं पोचला तिथं एक ठिपका ठेवतो. असे लाखो. याला आम्ही ठिपक्यांचा ढगच म्हणतो. पण ढगाची कवळी होत नाही. मशीनला कापायला सलग पृष्ठभाग लागतो. म्हणून या ठिपक्यांवरून मी एक चादर बसवते.

सासरे: ताडपत्री.

सून: काय?

सासरे: धक्क्यावर माल उतरला की वरून ताडपत्री टाकायची. चारी बाजूंनी ओढायची.

सून: हो, तसंच. फक्त माझी ताडपत्री पातळ आणि रबरासारखी. आता गंमत बघा. खूप घट्ट ओढली की प्रत्येक ठिपक्याला चिकटते. मग धुळीचा कणसुद्धा फोडासारखा वर येतो. कारण सगळे ठिपके खरे नसतात, थोडे यंत्र चुकून टाकतं. आणि सैल सोडली…

सासरे: की खाली पेटी आहे का पोतं, कळत नाही.

सून: दाढेची दाढ राहत नाही, टेकाड होतं. घट्ट आणि सैल यांच्या मध्ये कुठं थांबायचं, हेच तर माझं सगळं काम. आणि मी थांबले सैलच्या बाजूला. मॅडम म्हणायच्या, आरशासारखं हवं. मला आरसा करून दाखवायचा होता. हे बघा, पुढच्या दातांपाशी. इथं ठिपके नुसते घोंगावतायत. कुठं वर, कुठं खाली, ताळमेळ नाही. मला आठवतंय, मी म्हटलं हा कचरा. सगळे पुसले आणि वरून चादर गुळगुळीत ओढून दिली. तिथंच तुमची शिट्टी होती, बाबा. मीच पुसली.

सासरे: हे बघ, डोळ्यांत पाणी आणायचं कारण नाही.

सून: आणलं नाहीय, आपोआप आलंय. पण मला एक कळत नाही. खाच असली तर ठिपके खाचेत उतरायला हवे होते. नीट ओळीनं. असे सैरावैरा का पळाले? उजेड काचेतून, नाहीतर मेणातून गेला तर असं होतं. आत शिरतो, सांडतो, कुठूनही परत येतो. पण कवळीवर मेण कुठून येणार?

सासरे: चहा टाकतो.

सून: बसा.

सासरे: आलं घालून टाकतो, तुला आवडतो तसा.

सून: बाबा, मेण कुठून आलं?

सासरे: तू म्हणालीस ना आदल्या दिवशी, "बाबा, उद्या तुमच्या कवळीचा फोटो काढायचाय लॅबमध्ये."

सून: स्कॅन म्हणाले असेन.

सासरे: मला फोटो कळलं. आता फोटो काढायचा म्हणजे माणूस केस विंचरतो, शर्टाचं तुटलेलं बटण लावतो. तुझ्या मॅडम बघणार, चार शिकलेली माणसं बघणार, म्हणणार, "सूनबाईच्या घरात कवळीला खाच पडलेली?" मग मेणबत्ती लावली. थेंब थेंब खाचेत सोडला. निवल्यावर कापडानं घासला. असा बसला म्हणतेस, कुठं दात आणि कुठं मेण, मलाच ओळखू येईना!

सून: मेण भरलंत!

सासरे: पांढरी मेणबत्ती घेतली होती. रंगाचा विचार केला होता मी.

सून: अहो, लाखो ठिपके घेणारं यंत्र, आणि तुम्ही त्याच्यापुढे कवळीला पावडर लावून बसवलीत!

सासरे: हस. खळखळून हस. मघाचं पाणी याच कामाला येऊ दे.

सून: थांबा, थांबा. मेण दोन्ही बाजूंनी भरलंत?

सासरे: म्हणजे?

सून: दातांच्या पुढून भरलंत की जिभेकडूनही?

सासरे: पुढूनच. फोटो कुणी पाठीमागून काढतं का?

सून: बाबा, तुम्ही ग्रेट आहात.

सासरे: आत्ता तर मला हसत होतीस.

सून: हा मूळ ढग. यातला एकही ठिपका मी पुसलेला नाही, पुसले ते दुसऱ्या प्रतीत. आता हा असा फिरवते, जिभेच्या बाजूनं बघू. जरा चष्मा पुसा आणि बघा. हे काय दिसतंय?

सासरे: ओहोळ. पावसाचं पाणी ओघळून वाळूत पडतो तसा.

सून: नीट ओळीनं उतरलेत की नाही ठिपके? इथं मेण पोचलंच नाही. अर्धी खाच अजून शिल्लक आहे. आतून सुरू होते आणि दाताच्या कडेपर्यंत येते. मी पुढच्या गोंधळाला घाबरून मागचीही सपाट करून टाकली होती.

सासरे: पण कवळी तर गेली गाडीखाली.

सून: कवळी गेली. ठिपके आहेत. पुढचा अर्धा भाग मात्र मला अंदाजानं न्यायला लागेल. बाहेर येताना ती सरळ जायची की वळायची?

सासरे: ते कसं सांगू? कधी बघितली नाही मी. तोंडात असायची.

सून: जीभ लावा नव्या कवळीला. जुनी आहे असं समजा. कुठं जाते?

सासरे: हं… डावीकडं. थोडी डावीकडं जाते, आणि तिथं भिंतीला आपटल्यासारखी थांबते. रोज जाते ती तिथं, आणि रोज फसते बिचारी.

सून: अशी? एवढी?

सासरे: ते चित्रात मला नाही समजत. समजल्यासारखं करू का?

सून: नको, एकदा केलंत तेवढं पुरे. मग मी तीन वेगवेगळ्या करते. एक सरळ, एक थोडी डावी, एक जास्त डावी. लॅबमध्ये साध्या प्लास्टिकच्या काढते, घालून बघा. जी वाजेल ती पक्की करू. इथं चादर कापायला लागेल. खाचेची एक पट्टी वेगळी, ती घट्ट बसवायची. आजूबाजूची होती तशी सैल. आणि दोन्ही जिथं भेटतात तिथं जोड जिभेला कळता कामा नये. ते अवघड आहे.

सासरे: मॅडमना काय सांगशील?

सून: खरं तेच. माझ्या सासऱ्यांच्या कवळीत शिट्टी बसवायची आहे.

सासरे: हसतील गं.

सून: हसू देत. आरसा काय, कुणीही करेल. टाका आता चहा. आलं जास्त.

(काही दिवसांनी, सकाळी. तीच खिडकी.)

सून: गोंधळू नका. लॅबमध्ये वाजली होती ना? अख्खी लॅब कानावर हात ठेवून उभी होती.

सासरे: लॅबमध्ये आक्का नव्हती.

सून: मारा.

सासरे: पडदा अजून बंद आहे.

सून: पडदा उघडायलाच मारायचीय.

सासरे: फूऽऽ—

सून: बाबा, ओठ कोरडे झालेत तुमचे. पाणी प्या. हं. आता.

सासरे: फूईऽऽऽऽऽट!

सून: अगं आई गं! कान गेले माझे!

सासरे: वाजली! वाजली बघ! तीच गं तीच! खालचं कुत्रंसुद्धा उठून बसलं! ऐकलीस?

सून: तीन गल्ल्यांनी ऐकली. पण पडदा…

सासरे: हलला नाही.

सून: आणखी एकदा.

सासरे: नको. ज्याला ऐकायचं त्याला एकदाच पुरतं. रागावलीय ती, आणि… थांब. पडद्याच्या खालून काय आलं ते?

सून: शेपटी. आत्याबाईंचा बोका! पडद्याला लोंबकळतोय. गेला, पडदाच खाली आला सगळा!

आक्का: भोंग्या! मेल्या! सुटली का तुझी वाचा? काय म्हणतोस? ऐकू येत नाही, थांब. कानात यंत्र घालते. हं. आता बोल. हळू बोल, यंत्र घातलं की तुझा आवाज डोक्यात जातो.

सासरे: शिट्टी ऐकलीस का, आक्का?

आक्का: मी कुठली ऐकतेय? बोक्यानं ऐकली.

सासरे: बोक्यानं?

आक्का: उशाशी झोपलेला असतो. तू शिट्टी मारलीस की त्याचे कान उभे राहतात आणि मारतो उडी खिडकीत. मग मी समजते, भोंग्या उठला. आणि चमचा वाजवते. आणि मागं काय केलंस रे? मी फटीतून बघत होते. गाल फुगवलेस, ओठांची चोच केलीस आणि बोका आपला ढिम्म. मी म्हटलं, बहिरी झाली म्हणून हा मला वेडावून दाखवतोय. नुसतीच फुंकर मारतोय! आणि मग तर खिडकीत यायचाही बंद झालास.

सून: आत्याबाई, चूक माझी होती. नव्या कवळीत मी खाच पुसून टाकली.

आक्का: काय पुसून टाकलं?

सासरे: चूक माझी होती. मी खाचेत मेण भरलं.

आक्का: एकाच वेळी दोघं चुकलात? घरचं वळणच तसं. पण मला आधी सांगायला काय झालं होतं?

सासरे: तुला सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस.

आक्का: ते तर आताही करणारच आहे. सुनेनं दातांत शिट्टी बसवली म्हणून भाजीवाल्याला नाही सांगणार? पोरी, छान हो! बोका पडदा घेऊन खाली आला, म्हणजे काम चोख आहे.

सासरे: आक्का, ते राहू दे. तुला शिट्टी ऐकू येत नाही, कधीपासून?

आक्का: बारीक आवाज आधी जातात, डॉक्टर म्हणाला होता. बोका पिल्लू होता तेव्हाच गेली तुझी शिट्टी.

सासरे: म्हणजे इतकी वर्षं मी मांजराला शिट्ट्या मारतोय? आणि तू बोलली नाहीस?

आक्का: बोलले असते तर तू मारायची थांबला असतास.

सून: बाबा, पाणी प्या थोडं.

आक्का: काय म्हणते रे ती?

सासरे: काही नाही. म्हणते, उद्याही बोक्याला उठवा.

आक्का: उठव की. मी तर आधीपासून जागीच असते.